चिनी अक्काची शिकवण आणि माझे खांदे

मी बोलायला तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. आजारपणानं माणूस मऊ होतो म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. सगळं अंग धरलं, तोंड तेवढं मोकळं राहिलं, म्हणून सगळी ताकद तोंडात आली, असं आमचे हे म्हणतात. पण सकाळी उठल्यावर ज्यांचे सांधे लाकडासारखे होतात अशा बायका आमच्या खानदेशात घरोघर आहेत, आणि त्या काही बोलत नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे.

माझं सासर सावद्याच्या पलीकडे, केळीच्या बागांतलं गाव. माहेर भुसावळचं. वडील रेल्वेत होते, त्यांच्या मागे भाऊ लागला. मी मराठी सातवी पास. सासूबाईंना आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सातवी झाली म्हणते. आता भाकर वाचून दाखवशीन का आम्हाले?" मी म्हटलं, "थापून दाखवते, मग वाचा तुम्ही." तेव्हापासून आमचं जमलं नाही ते नाहीच.

तारा झाली, माझी मुलगी. सव्वा महिन्याचं न्हाणं झालं, मी कामाला लागले आणि बोटं सुजली. मग मनगटं, मग कोपरं, मग दोन्ही खांदे. गावातल्या बायका म्हणाल्या बाळंतवात आहे. निर्गुडीचा शेक झाला, एरंडाची पानं बांधून झाली, कुणीतरी सांगितलेला एक लेप झाला, त्यानं कातडी सोलली. एके दिवशी सकाळी वेणी घालायला हात मागे नेला तो कानाशीच अडला. मोकळ्या केसांनी मी ओट्यावर बसले आणि तेव्हा पहिल्यांदा घाबरले. वेणीचं जाऊ द्या, पण ताराला उचलता येईना. कुणी मांडीवर आणून ठेवली तर पाजायची, कुणी उचलून नेली तर बघत बसायचं. सहा महिन्यांची झाली आणि रडताना आत्याबाईंकडे हात पसरायला लागली. माझ्याकडे नाही.

*

चैत्रात मला जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझा हात धरून वर उचलला. मी ओरडले. त्यांनी दुसरा उचलला. मी परत ओरडले. मग ते खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "बाई, हा सांध्यांचा चिवट आजार आहे. जाईलच असं मी म्हणत नाही. पण हात हलवत राहा. भीतीनं हलवले नाहीत तर खांदे गोठतील, आणि एकदा गोठले की माझ्याच्यानं ते सुटायचे नाहीत."

खरं बोलणारा माणूस होता. मला त्यांचा राग आला नाही.

राग आला तो परतीच्या गाडीत. आत्याबाई माझ्यासमोर, माझ्या देखत, आमच्या ह्यांना म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत पाहू. नाही हात चालले त हिले माहेरीच राहू दे. आराम भेटीन. पोरगी आपल्याजवळ राहीन." आमच्या ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर केळीच होत्या, जन्मभर बघितल्या त्याच. पण त्या दिवशी फार निरखून बघितल्या त्यांनी.

झालं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलं नाही. हात सुटले तर तारा माझी, नाही सुटले तर तारा त्यांची.

*

पुढच्याच महिन्यात ताप भरला आणि जळगावच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग गोळ्या. गोळ्यांनी दुखणं उतरे, पण कानात दिवसभर रातकिडे ओरडत. दुपारी गरम पाण्याची रबरी पिशवी खांद्यावर. चार वाजता भेटीची घंटा. माझ्याकडे कोण येणार? केळीची कापणी चालू होती. तरी घंटा झाली की मी दाराकडे बघायची.

शेजारच्या खाटेवर शिरपूरकडची एक म्हातारी होती, नर्मदा आजी. मांडीचं हाड मोडून पडली होती, तिला कुशीवरही वळता येत नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं माझे गुंतलेले केस बघितले आणि म्हणाली, "इकडे ये व माय, खाले बस." मी तिच्या खाटेला पाठ लावून जमिनीवर बसले आणि तिनं पडल्या पडल्या माझी वेणी घातली. मग रोजच घातली. मी रडले की म्हणे, "रडू नको. बठ्ठं बरं व्हई जाई." सगळं बरं होईल म्हणायची, आणि तिचं स्वतःचं काही बरं होत नव्हतं. पण सांगताना असं सांगे की वाटे, हिला आतली बातमी आहे.

त्याच दवाखान्यात मी घटसर्प झालेलं मूल बघितलं. मान सुजून जबड्याच्या बरोबरीची, घशात पांढरा पापुद्रा, श्वास करवतीसारखा. गेलं ते. नर्स म्हणाली, "दोन दिवस आधी आणायला हवं होतं. अंगारे लावत बसले." ती मान आणि तो आवाज मी विसरू शकले नाही.

*

दवाखान्यातून सुटल्यावर भावानं मला भुसावळला त्याच्या क्वार्टरवर नेलं. तारा सासरीच. त्याच आठवड्यात भावाची दाढ ठणकायला लागली. बाजारात एक चिनी दातवाला होता, कलकत्त्याहून आलेला. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. भावाबरोबर मी गेले, आणि तो आत ओरडत असताना मागच्या अंगणात मला ती दिसली.

दातवाल्याची आई. सत्तरीची असेल. काळी विजार, निळा सदरा, पांढऱ्या केसांचा इवलासा अंबाडा. एकटीच उभी राहून दोन्ही हात इतके सावकाश वर नेत होती की मला आधी वाटलं, म्हातारीचं माझ्यासारखंच झालंय. हात डोक्याच्या वर गेले, थांबले, आणि तसेच सावकाश खाली आले. कुठे कळ नाही, कुठे झटका नाही. मी तिच्या निम्म्या वयाचीसुद्धा नव्हते, आणि माझा हात कानाला लागत नव्हता! मला इतका हेवा वाटला की मी सरळ विचारलं, "ये क्या करता है?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझे खांदे कानाकडे ओढलेले होते. जवळ येऊन तिनं फक्त दोन बोटं माझ्या खांद्यावर ठेवली आणि विचारलं, "ये किसके वास्ते उठाया? कोई मारता है?"

मी म्हटलं, "नाही." आणि रडायलाच लागले. बाजारात, परक्या अंगणात, नाक पुसायला हात वर जात नाही अशी.

भुसावळचे लोक तिला चिनी अक्का म्हणत. मी दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिच्याकडे जायला लागले. त्या प्रकाराचं तिच्या भाषेतलं नाव चीगोंग का असंच काहीतरी होतं. अर्थ तिनं सांगितला, "सांस का काम." मी म्हटलं, श्वास काय, तो तर फुकटच चालतो, त्याचं काम कसलं? आठवड्याभरात कळलं की तेवढं एकच काम मला येत नव्हतं. दुखायच्या भीतीनं मी महिनोन्‌महिने श्वास छातीतच कोंडून वावरत होते.

पहिले चार दिवस तिनं हात हलवूच दिले नाहीत. नुसतं उभं राहायचं. गुडघे किंचित सैल, डोकं वरून कुणी दोरीनं धरल्यासारखं. तळवा पोटावर, आणि श्वास त्या तळव्याखाली पोचला पाहिजे. सोडताना घाई नाही. मी घाई केली की म्हणे, "जल्दी किसको? तुमको गाड़ी पकड़ने का?" पाचव्या दिवशी हात वर न्यायला सांगितले. मी दात आवळले आणि नेले. आमच्याकडे औषध कडू असल्याशिवाय गुण येत नाही आणि मेहनतीत जीव काढल्याशिवाय ती मेहनत नाही, असंच आम्हाला शिकवलेलं. कळ मस्तकात गेली. अक्कानं माझ्या हातावर चापट मारली. "दर्द के घर तक नहीं जाना. उसकी गली में से वापस आना." दुखायच्या आधी थांब, तिथं एक श्वास घे, परत ये. उद्या ती जागा वीतभर पुढे सरकलेली असेल, नसेल तर परवा.

मला ते पटेना. एवढ्याशानं काय होणार? मनात हिशेब दिवाळीचा, आणि ही म्हणते घाई कुणाला.

मग एक दिवस अक्का आमच्या क्वार्टरवर आली. वहिनी मांडे करत होती. खापरावरचे मांडे आमच्या खानदेशचे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत, मनगटापासून कोपरापर्यंत पसरवत धोतराच्या पदराएवढा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. लग्नाआधी मी त्यात नाव काढलेलं. वहिनीचा मांडा फाटला, दुसराही फाटला. मला बघवेना. मी बसल्या जागेवरून ओरडले, "अगं, जोर कशाला लावतेस! कोपरं सैल सोड. कणीक आपल्या वजनानं उतरते, तू फक्त हात तिच्याखाली ठेव. आणि श्वास धरू नकोस, श्वास धरलास की फाटलाच!"

अक्काला मराठी फारसं येत नव्हतं. पण तिनं माझ्याकडे बघितलं, वहिनीच्या कोपरांकडे बघितलं, आणि टाळ्या वाजवून हसत सुटली. "यही! यही! तुमको सब आता है. फिर मेरे पास काहे को आया?"

अरे देवा! मी थक्कच झाले. पंधरा वर्षांची असल्यापासून जे माझ्या हातांना येत होतं ते माझ्या डोक्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी हातांवर मांडा आहे असं समजून हात वर न्यायला लागले. आणि खांदे सुटायला लागले. एकदम नाही. बोटाबोटानं.

किती मोठी बाई ती! आठ आठवडे रोज पाऊण तास, आणि मी देऊ केलेलं काहीच तिनं घेतलं नाही. फक्त एकदा मांडा खाल्ला आणि दुसरा मागितला. स्वतःबद्दल काही सांगत नसे. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच कळलं की तिची दोन मुलं गावाकडच्या लढाईत गेली, आणि त्यानंतर तिचेही हात वर जात नव्हते. हे तिनं हात वर नेता नेताच सांगितलं. श्वास तुटला नाही.

*

आषाढ संपताना सासरी परतले. हात आता कपाळापर्यंत जात होते. वेणी अजून नाही, तारा अजून नाही. मी पहाटे आंघोळ करून, केस मोकळेच ठेवून, गोठ्यामागे केळीच्या आडोशाला उभी राहायची. वेणी आत्याबाई नंतर घालून देत, ओढून ओढून.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रविवारी देवी मांडायची, रोट करायचे, सोमवारी सकाळी वाजत गाजत नदीवर न्यायची. त्या सोमवारी गल्लीतल्या बायका मला बोलवायला परसात आल्या. त्यांनी काय पाहिलं असेल, तुम्हीच सांगा! केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले, अंग हळूहळू डोलतंय, दोन्ही हात आपसूक वर चाललेत, आणि लांबून डफाचा आवाज. जी बाई चार महिन्यांमागे घास तोंडापर्यंत नेऊ शकत नव्हती ती!

"आली व माय! इच्या अंगात कानबाई आली!"

मी डोळे उघडले तर सात-आठ बायका मातीत डोकं टेकून. मी म्हटलं, "अहो, मी देवी नाही." एक म्हणाली, "देवी असंच म्हनते."

आणि मग आत्याबाई पुढे आल्या. माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाल्या, "माय, माह्यं चुकलं. मी बोलली ते पोटात घाल."

इथे मी खरं सांगते, नाहीतर लिहून उपयोग काय? मी गप्प बसले. पुन्हा नाही म्हटलंच नाही. जिनं माझी लेक काढून घ्यायचं ठरवलं होतं ती पायाशी होती, आणि देवीला कोण माहेरी धाडणार? त्या दिवसापासून जातं सुटलं, धुणं सुटलं, कढत पाण्याची आंघोळ, भातावर तुपाची धार. पहाटे श्वासाला हवा तेवढा वेळ. मंगळवारी, शुक्रवारी बायका ओटी घेऊन यायच्या, दुखणी सांगायच्या. मी अक्काचंच सांगे: बस, खांदे सोड, श्वास पोटात ने, सावकाश सोड. काहींना गुणही आला. कुणी कधी त्यांना घटकाभर बसूच दिलं नव्हतं, गुण येणार नाही तर काय! मी मनात म्हणे, यात कुणाचं वाईट आहे? दिवाळी तर निघून जाईल.

भाद्रपद सरता सरता एका दुपारी शेजारची कौसल्या तिच्या चार वर्षांच्या शकूला खांद्यावर टाकून आली. पोर तीन दिवस तापात होती. "अंगारा लाव माय," म्हणून तिनं माझ्यासमोर ठेवली. मी शकूची मान बघितली. सुजून जबड्याच्या बरोबरीला आलेली, दवाखान्यातल्या त्या मुलासारखी. तोच आवाज. करवतीचा.

"कौसल्या, हिला आत्ता भुसावळला ने. दवाखान्यात."

"तुम्ही असताना दवाखाना काहून?"

"देवीचा हुकूम आहे, ने!"

ती माझे पाय धरून बसली. "माय परीक्षा पाहते माही. मी नाही हालत. अंगारा लावल्याशिवाय नाही हालत." सभोवती बायका हात जोडून बसलेल्या. आत्याबाई अंगाऱ्याची वाटी घेऊन उभ्या. शकूच्या ओठांना निळसर झाक आलेली.

मी उठले. म्हटलं, "बघा सगळ्या जणी." खाली वाकून शकूला दोन्ही हातांनी धरलं आणि उचलायला गेले. ढोपराएवढी वर आली, पुढे खांद्यातून कळ निघाली आणि पकड सुटली. पोर चटईवर पडायची ती कौसल्यानं झेलली.

"देवी असती तर चार वर्षांच्या पोरीला उचललं नसतं? माझी तारा मला उचलवत नाही! मी आजारी बाई आहे. हे हात वर नेणं मला भुसावळच्या दातवाल्याच्या म्हाताऱ्या आईनं शिकवलं. मी दीड महिना खोटी देवी होऊन तूप खाल्लं. मला काय शिव्या घालायच्या त्या उद्या घाला. आता गाडी जुंपा!"

कुणीतरी थुंकलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं. पण आमचे हे, जे खिडकीबाहेर बघणारे, त्यांनी बैल जुंपले, शकूला उचललं आणि कौसल्याला घेऊन स्टेशनकडे निघाले. त्या माणसाला मी त्या दिवशी सगळं माफ केलं.

शकू वाचली. डॉक्टरांनी घशाला भोक पाडून नळी घातली, सुया दिल्या. आता शाळेत जाते, गळ्यावर एवढासा व्रण आहे.

*

हात किती सुटले, ते वाचणारीला हवं असेल. वेणी घालते, उंच फडताळातला डबा काढते. थंडीत बोटं अजून सुजतात, आणि वर्षातून एकदा खांदा रुसतो. मांडा करते, पण पहिल्याएवढा मोठा नाही. डॉक्टरांच्या गोळ्या मी कधी सोडल्या नाहीत, तुम्हीही सोडू नका. अक्कानंही सोडायला सांगितलं नव्हतं. ती गेल्या वर्षी थोरल्या मुलाकडे कलकत्त्याला गेली. जाताना भेटले तेव्हा तिनं पुन्हा दोन बोटं माझ्या खांद्यावर ठेवून पाहिली, आणि नुसती मान डोलावली. मला पदक मिळाल्यासारखं झालं.

आता त्या दिवाळीचं. शकूला नेलं त्या दिवसापासून आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. गावात त्यांची मान खाली गेली होती. पायावर डोकं ठेवलं ते सुनेच्या, आणि तेही सगळ्यांदेखत! तूप बंद झालं, जातं परत आलं. चार दिवस मी बोटं चोळत दळलं आणि ताराला सोडून माहेरी जायची मनात तयारी केली.

पाचव्या दिवशी सकाळी मी परसात हात वर नेत होते. आत्याबाई ताराला कडेवर घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या. मी थांबले.

"दिवाळीले भाऊ घ्यायले येईन, त जाय," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले.

"पोरीले बी घेऊन जाय. भाऊबीज झाली का दोघी जनी परत या."

माझा विश्वास बसेना. "आत्याबाई, माझे हात अजून चालत नाहीत."

"दिसते मले. डोये फुटले नाहीत माहे."

"आणि मी देवी नाही."

"देवीचं काय, आली तशी जाते. सून घरात राहते," आत्याबाई म्हणाल्या, आणि ताराला माझ्या मांडीवर ठेवून जात्याकडे गेल्या.